आयतोबा

दुपारी तीनच्या सुमारास तुळशीला पाणी घालायला गॅलरीत गेलो, तर मंजिरीवर एक माशी. अंग काळं कुळकुळीत आणि त्यावर चमचमते निळे ठिपके. चंद्रकळेवर कुणी हौसेने निळ्या टिकल्या शिवाव्यात तशी.

ही थायरियस. मधमाशीच्या जातकुळीतली कोकिळा. घर बांधायचं नाही, पराग साठवायचे नाहीत; पराग वाहून न्यायला लागतात ते केसांचे झुबकेसुद्धा हिच्या पायांवर नाहीत. हिचा डोळा अमेजिलावर, म्हणजे पोटावर निळे पट्टे असलेल्या माशीवर. ती बिचारी मातीत बीळ कोरते, आतल्या कोठडीत पराग नि मध कालवून ठेवते. ती बाहेर पडली की ही आत शिरते आणि आपलं अंडं घालून मोकळी. हिची अळी धारदार जबड्यांनी घरच्या लेकराचा काटा काढते आणि सगळी शिदोरी फस्त करते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात खरं, पण नागोबा निदान उंदराचा डबा तरी खात नाही.

आजोळी मागच्या मातीच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी भोकं होती. सगळे जेवून आडवे झाले की मी तिथे उकिडवा बसून आतली गुणगुण ऐकायचो, काडी घालून बघायचो. दसऱ्याआधी आजी शेणमातीने भिंत लिंपायची. आठवडाभरात भोकं पुन्हा हजर. "मेल्यांनो, माझीच भिंत सापडली?" म्हणायची. आणि पलीकडच्या वाफ्यातल्या तिच्या वांग्यांचं गावभर कौतुक! वांग्याच्या फुलातले पराग सहजी सुटत नाहीत. फूल घट्ट धरून अंग थरथरवावं लागतं, तेव्हा कुठे ते बाहेर उडतात. मधमाशीला ते जमत नाही, अमेजिलाला जमतं. आजीला हे सांगायचं राहूनच गेलं. भिंतही आता सिमेंटची झाली.

ही आयतोबा मात्र कष्टकरी माशा भरपूर असतील तिथेच तग धरते. त्यांची बिळं घटली की हिची पंचाईत. म्हणजे आमच्या पेव्हर ब्लॉकच्या सोसायटीजवळ कुठेतरी अजून उघडी माती आहे तर! गॅलरीतून वाकून बघितलं. दिसली नाही.

संध्याकाळी आई दिवा लावायला आली आणि सवयीने मंजिऱ्यांकडे हात गेला. माशी तिथेच होती, जबड्याने काडी पकडून आडवी लटकलेली.

"हे काय गं बाई?"

"झोपलीय. तिला घर नाही."

"बरं," आई म्हणाली, "उद्या खुडते."