व्हॅम्पायर शॉर्टफिल्म अपडेट : सलूनचा आरसा, काकवीचं रक्त आणि "या की आत"

मंडळी, व्हॅम्पायरचं काम कुठवर आलंय असं बऱ्याच जणांनी विचारलेलं, तर सांगतो. स्क्रिप्ट लॉक झाली, रक्त जमलं, रात्रीच्या लायटिंगच्या टेस्ट निम्म्या झाल्या आणि सगळ्यात अवघड जो सलूनचा सीन त्याचा सेट एका मित्राच्या गोडाऊनमध्ये उभा राहतोय. शूट ऊस तुटायच्या सीझनला, कारण गोष्टच त्या दिवसातली आहे.

नवीन मंडळींसाठी गोष्ट थोडक्यात. आजऱ्याच्या बाजूचं असतं तसं एक छोटं शांत गाव, एकच बाजारपेठ, पावसाळ्यात धुकं पार दारापर्यंत येतं, रात्री शटर लवकर पडतात. गावात एक वाडा कुलूपबंद, घरची माणसं मुंबईला जाऊन दोन पिढ्या झाल्या. एका तिन्हीसांजेला शेवटच्या एसटीतनं एक पोरगा उतरतो. लोक विचारतात, "कुणाचा रं तू?" तो आज्ज्याचं नाव सांगतो, बास, एवढ्यावर सगळं गाव त्याला ओळखायला लागतं. कुणी कागद बघत नाही, कुणी फोन करून खात्री करत नाही. म्हातारी माणसं तर त्याच्यात आज्ज्याचा चेहरा बघतात, आणि तो चेहरा खरंच तसाच असतो कारण तो नातू नाहीच, तो आज्जाच आहे. (हे सांगितल्यानं काही बिघडत नाही, प्रेक्षकाला पाचव्या मिनिटाला कळणारच आहे, मजा पुढं आहे.)

आता मुद्द्याचं. व्हॅम्पायरच्या नियमांतला मला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे बोलावल्याशिवाय तो घरात येऊ शकत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत हे स्पष्ट दिलंय, पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी आत बोलवायला लागतं आणि एकदा बोलावलं की मग तो पाहिजे तेव्हा येऊ शकतो. तिकडच्या गोष्टीत हा नियम माणसाला वाचवतो, दार लावून बसलं की झालं. पण आमच्याकडं बघा की, दार दिवसभर सताड उघडं, आणि दारात माणूस दिसला की "या की आत, बसा, च्या घ्या" हे तोंडातनं आपोआप येतं, अनोळखी असला तर जरा जास्तच प्रेमानं येतं. म्हणजे जो नियम तिकडं कुलूप आहे तोच आमच्या गावात किल्ली आहे. अख्खी फिल्म मी या एका गोष्टीवर उभी केलीय. त्याला कुणाच्या खिडकीवर नखं घासायची गरज नाही, कुणाला भुलवायची गरज नाही. तो फक्त दारात उभा राहतो आणि माणसं आपणहून विचारतात, "जेवलास का न्हाई?"

हा डायलॉग रिहर्सलला आमच्या आत्यानं म्हटला (म्हातारीचा रोल तीच करतीय), एकदम नेहमीसारखा, काही जोर न देता, आणि समोरचा पोरगा नुसता तिच्याकडं बघत राहिला. खोलीत सगळे गप. त्याच दिवशी ठरवून टाकलं की बॅकग्राउंड म्युझिक या सीनला अजिबात नको.

नियम अजून बारीक केलाय कारण घराची रचना आमच्याकडं वेगळी. जुन्या घरात पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, मागं परडं म्हणजे परसू. सोप्यात कोण पण येऊन बसतं, पाव्हणा, पोस्टमन, दूधवाला, तिथं बोलावणं लागत नाही. म्हणून आमचा व्हॅम्पायर सोप्यापर्यंत येतो, पण माजघराचा उंबरा त्याला दुसरं बोलावणं आल्याशिवाय ओलांडता येत नाही. यामुळं फ्रेमिंग फार सोपं झालं. कॅमेरा माजघरात अंधारात, दाराच्या चौकटीतनं सोप्यातला उजेड आणि त्यात तो बसलेला, हातात कप, चहा एक घोट पण कमी झालेला नाही. आणि भाडेकरूंच्या वाड्याचं तर अजून भारी, मुख्य दार एक आणि आत पाच-सहा बिऱ्हाडं. एका बिऱ्हाडानं बोलावलं की दिंडीदरवाजा सगळ्यांसाठीच उघडला. आपल्या शेजाऱ्यानं माणुसकीनं केलेली गोष्ट आपल्या पोराच्या अंगावर येते आणि दोष कुणालाच देता येत नाही, हे मला रक्तापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

उन्हाचा नियम मात्र मी काढून टाकलाय. लोकांना वाटतं ऊन लागलं की व्हॅम्पायर संपला हे पहिल्यापासूनचं आहे, पण कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याची ताकद चालत नाही. उन्हानं मरायचं आलं ते १९२२ च्या जर्मन मूकपट नोस्फेराटूपासून. मला तो जळून राख होणारा शेवट नकोच. आमचा दिवसा झोपतो एवढंच, आणि गावाला त्यात काही वावगं दिसत नाही. कारण शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची असली की निम्मं गाव रात्री उसाला पाणी पाजून दिवसा झोपलेलंच असतं. पहिला बळी पण तिथंच आहे, रात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलेला माणूस, चारी बाजूला डोक्याच्या वर ऊस आणि फक्त पाण्याचा आवाज. ज्यांनी रात्री पाणी पाजलंय त्यांना हा सीन समजावून सांगायला लागणार नाही.

आता सलून. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, आणि गावातल्या सलूनएवढे आरसे दुसऱ्या कुठल्या दुकानात असतात? कॉम्प्युटरवर माणूस पुसून टाकता येतो, पण मला कॅमेरा हळूहळू पुढं न्यायचाय आणि तसं केलं की पुसायचं काम लई वाढतं. म्हणून जुनीच युक्ती वापरतोय. आरसाच नाही, नुसती रिकामी चौकट. चौकटीच्या पलीकडं तसंच्या तसं दुसरं सलून, उलट्या बाजूनं. अलीकडं खरा न्हावी आणि खुर्चीत आपला पोरगा, पलीकडं न्हाव्याचा डबल आपल्याकडं तोंड करून आणि खुर्ची रिकामी. काच नाही म्हटल्यावर कॅमेरा स्वतः आरशात दिसायची भानगड नाही, सरळ समोरनं शॉट घेता येतो आणि कॅमेरा हलला तरी मागचं सगळं बरोबर सरकतं.

पण बारकावे किती निघतात ते ऐका. अलीकडचा कात्री उजव्या हातात धरतो, म्हणजे डबल डावखुरा पाहिजे. शर्टाचा खिसा डावीकडं असतो, तर डबलच्या शर्टाला तो उजवीकडं पाहिजे आणि बटणपट्टी पण उलटी, म्हणून टेलरकडनं मुद्दाम एक शर्ट शिवून घेतला. फळीवरचं सगळं सामान डबल, पावडरचा डबा, पाण्याचा फवारा, ब्रश, तुरटीचा खडा, आणि पलीकडच्या डब्यावरची अक्षरं उलटी. तुरटीचे दोन खडे एकसारखे मिळत नाहीत, ते घासून जुळवले. डबल चौकटीपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर उभा पाहिजे जेवढा अलीकडचा आहे, नाहीतर आकार लहानमोठा दिसतो. जमिनीवर टेप मारून ठेवलेत.

पलीकडची भिंत बांधायला जागा कमी पडली, म्हणून ती पडद्यावर रंगवतोय. आमच्यातला एक जण साइनबोर्ड रंगवायचा, फ्लेक्स आल्यापासून ते काम कमी झालं, पण त्याचा हात असा आहे की उलटी अक्षरं तो सरळसारखी काढतो. कॅलेंडर, दाराची फट, बाहेरचा रस्ता, सगळं कापडावर. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदेच रंगवायचे, मग कोल्हापुरातच स्वतः कॅमेरा जुळवून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्याच गावात बसून आपण पडदा रंगवून ट्रिक करतोय याचा मला खरंच अभिमान वाटतो. पडदा संपला त्या रात्री आम्ही सगळे खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी जाऊन आलो.

सीनचा जीव मात्र आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या मामांनी दिला. जुनी खुर्ची त्यांचीच आहे, आणि वस्तरा कसा धरायचा ते नटाला शिकवायला आले होते. मी सहज विचारलं, "मामा, गिऱ्हाईक आरशात दिसलंच नाही तर काय कराल?"

"काय करणार, आधी चष्मा पुसणार."

"आणि तरी नाही दिसलं तर?"

"मग मानेवर हात ठिवून बघणार, माणूस हाय का न्हाई ते. आमचं काम हातावर चालतंय बाळा, आरसा गिऱ्हाइकासाठी असतोय."

मी स्क्रिप्टमध्ये न्हाव्याला ओरडायला लावलं होतं, ते तिथल्या तिथं खोडलं. आता न्हावी चष्मा पुसतो, पुन्हा बघतो, मग हळूच डावा हात त्या पोराच्या मानेवर ठेवतो. मान गार. उजव्या हातात उघडा वस्तरा आहे आणि तो नेमका व्हॅम्पायरच्या गळ्यापाशी आहे. आणि खुर्चीतला पोरगा डोळे मिटूनच म्हणतो, "थांबलासा का मामा, करा की." अख्ख्या फिल्ममध्ये गावातल्या एकाच माणसाच्या हातात काहीतरी करायची संधी येते ती इथं, आणि त्याच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून बसलेला माणूस आहे.

रक्ताचं सांगतो. बाहेरच्या रेसिपीत कॉर्न सिरप असतं, आपल्याकडं त्याच्यापेक्षा भारी वस्तू आहे, काकवी. गुऱ्हाळावरनं ताजी आणली, त्यात खायचा लाल रंग आणि हिरव्या रंगाचा अगदी एक थेंब, म्हणजे लाल भडक न दिसता गडद दिसतो. काकवीचा मूळचा तपकिरीपणा इथं फायद्याचा, कोको वगैरे घालायला लागत नाही. घट्ट असते त्यामुळं ओघळ फार हळू येतो, कोमट पाण्यानं थोडी सैल करायची, पण सैल केलेली ठेवायची नाही, आंबते. तोंडात गेली तरी चालते ही मोठी गोष्ट, नटाला निवांत काम करता येतं. मुंग्या मात्र लगेच लागतात, तेव्हा टेक झाला की जमीन पुसून घ्यायची. साखर पाण्यानं निघते, रंग सुती कापडाला धरतो, पांढऱ्या शर्टाचे जोड जास्तच ठेवा.

याच रक्तानं रात्रीच्या टेस्टमध्ये एक सीन हातात दिला. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली ते लाल दिसतच नाही, काळं दिसतं, कारण त्या दिव्याचा बहुतेक उजेड पिवळ्या-केशरी पट्ट्यातला, लाल रंगाला परत फेकायला लाल उजेड फार थोडा मिळतो. मग असं केलंय की पोरगा रस्त्यावरच्या दिव्याखालनं येतो, शर्टावर काळा डाग, लोकांना वाटतं ऑईल लागलंय, "कुठं पडलास व्हय?" म्हणून विचारतात, आत बोलावतात, आणि सोप्यातल्या ट्यूबखाली आला की तोच डाग लाल. कट न करता एकाच शॉटमध्ये. व्हाईट बॅलन्स ऑटोवर अजिबात ठेवायचा नाही, नाहीतर कॅमेरा तो पिवळा घालवायला बघतो आणि आत गेल्यावर परत बदलतो. शटर १/५० आणि २५ फ्रेमला ठेवा, आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, फ्लिकर म्हणजे उजेडाची लुकलुक येत नाही.

वटवाघळं फिल्ममध्ये नाहीत, कुणीतरी सुचवलं होतं. रक्त पिणारी वटवाघळं फक्त मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आहेत, आपल्याकडची झाडावर लटकणारी मोठी ती फळं खातात, त्यांना उगाच बदनाम करायचं नाही.

राहिलेलं काम म्हणजे डावखुरा डबल अजून पक्का नाही, एक जण आहे पण उंचीला कमी पडतोय, पाट देऊन बघणार. दातांचं माप घेऊन झालंय. आणि एक मदत पाहिजे, रस्त्यावरचे दिवे आता सगळीकडं एलईडी झालेत, कुणाकडं सोडियमचा जुना बल्ब चोकसकट चालू स्थितीत पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन आणि शूट झाल्यावर आहे तसा आणून देईन. बल्ब पेटून पूर्ण तापायला काही मिनिटं जातात आणि विझवला की लगेच परत पेटत नाही, त्यामुळं दोन मिळाले तर फार बरं होईल.