कातो, पण कुठला?

मॉरिशसच्या वाकोआ गावात माझी एक मैत्रीण राहते. ती पुण्यात शिकायला होती तेव्हाची ओळख. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. घरात आता क्रिओल ही तिथली बोली बोलतात, पण गणपतीची आरती मराठीतच होते. सप्टेंबरात त्यांच्या गणपतीला गेले, आणि विसर्जनानंतरचे तीन दिवस मी एका पक्ष्यासाठी राखून ठेवले: एको पॅराकीट. हा मॉरिशसचा स्वतःचा पोपट, जगात दुसरीकडे रानात कुठेच नाही.

मैत्रिणीच्या आईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “कातो ना? आमच्या लिचीवर रोज येऊन बसतात की!” संध्याकाळी आले, आणि मी ऐकताक्षणी ओळखले. आपला राघू! गळ्यात गुलाबी पट्टा असलेला, पुण्यात पिंपळावर कलकलाट करणारा. तो माणसांनी एकोणिसाव्या शतकात इथे आणला आणि आता बेटभर पसरला आहे. एको पॅराकीट त्याचाच जवळचा नातलग. क्रिओलमध्ये दोघेही कातो. एवढे जवळचे रूप असताना रानात धुक्यात शंभर फुटांवरून ते वेगळे ओळखायचे कसे, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न होता.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी पहाटे पेट्रँला पोचलो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात शिरायची ही वरची, पठारावरची बाजू. इथून माकाबेच्या जंगलाकडे रुंद कच्चा रस्ता जातो. सप्टेंबर म्हणजे तिथला हिवाळा नुकताच सरत आलेला. बारीक पाऊस, बोचरा वारा, दुर्बिणीच्या काचा सारख्या पुसाव्या लागत. दोन्ही बाजूंना चिनी पेरूची गच्च झुडपे. हंगामात लोक ही फळे मीठ-मिरची लावून हौसेने खातात, पण हेच झाड मूळच्या रोपांना वर येऊ देत नाही. साडेसातच्या सुमारास दोन हिरवे पक्षी डोक्यावरून गेले आणि मी वहीत आनंदाने नोंद केली. दुपारी खाली उतरताना मनात शंका आली. शेपूट लांब होती का? आवाज कसा होता? काहीच आठवेना. मी ती नोंद खोडली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या ओळखीचे एक काका सोबत आले. पूर्वी त्यांनी याच पोपटांच्या घरट्यांवर बरीच वर्षे काम केले होते. ते क्रिओलमध्ये सांगत, ती मला मराठीत. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी: डोळे नको, कान लाव. राघूची हाक उंच, कर्कश. एकोची हाक खालच्या पट्टीतली, जाड. मग उडणे. एकोचे पंख रुंद आणि गोलसर, फडफड सावकाश, शेपूट आखूड. बसलेला दिसला तर चोच पाहायची: नराची वरची चोच लाल, मादीची काळी. राघूत नर-मादी दोघांचीही लालच असते. म्हणजे काळ्या चोचीचा मोठा पक्षी दिसला की शंका उरत नाही.

त्या दिवशी एकही एको दिसला नाही. पण चालता चालता काकांनी जे सांगितले ते मी कधी विसरणार नाही. १९८० च्या दशकात रानात जेमतेम डझनभर एको उरले होते, त्यातल्या माद्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मूळचे जंगल चहा-उसासाठी आणि लाकडासाठी तोडलेले, आणलेले उंदीर आणि माकडे अंडी-पिल्ले खाणारी, जुन्या झाडांच्या ढोल्या कमी झालेल्या. १९७९ मध्ये आलेले वेल्श जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि सरकारी उद्यान विभाग यांनी त्यांना वाचवण्याचे काम नेटाने चालवले. पाऊस आत जाऊ नये म्हणून ढोल्या दुरुस्त केल्या, माकडांना उडी मारता येऊ नये म्हणून आजूबाजूच्या फांद्या छाटल्या, उंदरांचा बंदोबस्त केला. घरट्यात जगण्याची आशा नसलेली पिल्ले बाहेर काढून हाताने वाढवली, पक्ष्यांसाठी वरचे खाणे ठेवले, लाकडी पेट्या टांगल्या. पुढे चोच आणि पिसांचा रोग पसरला, त्यातूनही पोपट निभावले. २०१९ पर्यंत रानात सातशेहून अधिक एको झाले. काका झाडांकडे बोट दाखवत होते: या फांदीवर दोर बांधायचो, त्या ढोलीत हात घालायचो. मला त्यांच्याकडे बघून फार भरून आले. ही संख्या अशा माणसांनी एकेक पिल्लू हातात घेऊन वाढवली आहे.

तिसरा दिवस. काका नव्हते. आम्ही दोघी अर्ध्या वाटेवर, एका मोकळ्या जागी, जुन्या वठलेल्या फांद्यांच्या झाडासमोर नुसत्या बसून राहिलो. चालत राहिले की पानांचा आवाज होतो, हे आधीच्या दोन दिवसांत कळले होते. पाऊण तास काही नाही. मग खालच्या दरीतून जाड, घोगरी हाक. मैत्रिणीने माझा हात धरला. पुन्हा हाक आली, या वेळी जवळून, आणि एक पक्षी सावकाश पंख मारत येऊन वठलेल्या फांदीवर बसला. गडद हिरवा, आखूड शेपटीचा. वरची चोच काळी. मादी!

दोनच मिनिटांत नर आला. लाल चोच, गळ्याला काळा पट्टा, मानेमागे निळसर झाक. तो फांदीवरून सरकत तिच्याजवळ गेला, मान वरखाली केली आणि तिच्या चोचीत स्वतःच्या पोटातले खाणे भरवू लागला. हा त्यांचा विणीचा काळ. मादी घरट्यात बसते, नर आणून भरवतो. पुस्तकात वाचलेले होते, पण हे तीस पावलांवर घडत होते. कॅमेरा पिशवीतच राहिला, तो काढावासाही वाटला नाही.

सुमारे दहा मिनिटे ती दोघे तिथे होती. मग मादी झाडामागच्या उतारावर उतरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही मागे गेलो नाही, ढोली तिथेच कुठेतरी असणार. नर एकटा फांदीवर राहिला, एकदा अंग झटकले, पाणी उडाले. मग धुके पुन्हा वर आले आणि झाड पुसले गेले. हाक मात्र बराच वेळ येत होती, जाड आणि खालच्या पट्टीतली.