तुटलेल्या तंगुसाचं टोक काय सांगतं

मासा सुटला की बहुतेक जण आधी रॉडकडे बघतात. बघायला पाहिजे तंगुसाच्या, म्हणजे गळ बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्याच्या, टोकाकडे. रील गुंडाळून रिकामं टोक हातात आलं की ते उजेडात धरा आणि दोन बोटांत फिरवून बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. शेवटची वीत-दोन वीत खरखरीत लागत असेल तर तंगूस दगडाला घासला. टोक ताणून बारीक आणि पांढुरकं झालं असेल तर रीलचा ब्रेक जास्त आवळलेला होता. तंगूस शाबूत, गाठही शाबूत, पण गळच उघडून सरळ झाला असेल तर गळ मऊ निघाला.

वाईपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत आणि तिथून खाली भिलवडी, औदुंबर, सांगली, हरिपूरपर्यंत कृष्णेकाठी मासा सुटल्याची जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यातली बहुतेक या चारांत बसतात. रॉड मोडून मासा गेल्याचं क्वचितच ऐकाल. म्हणून नवीन माणसानं पैसे आधी गळाला घालावेत, मग तंगुसाला, मग रीलला आणि उरले तर रॉडला. दुकानात मात्र बरोबर उलटं होतं. झगमगीत रॉड घेतला जातो आणि त्याला दहा रुपयांच्या पुडीतले गळ बांधले जातात.

गाठीपासून सुरुवात करू, कारण ती फुकट सुधारता येते. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवून वीतभर टोक बाहेर काढा. ते टोक मूळ तंगुसाभोवती पाच वेळा गुंडाळा. तंगूस ०.४० मिलिमीटरचा असेल तर चार वेढे पुरे होतात, कारण जाड तंगुसाचे जास्त वेढे नीट बसतच नाहीत. आता टोक मागं आणून नेढ्याला लागून असलेल्या पहिल्या फटीतून घाला. असं केल्यावर एक मोठा फास तयार होतो, त्यातूनही टोक काढा. मग गाठ थुंकीनं चांगली ओली करा आणि मूळ तंगूस सावकाश ओढत आवळा. वेढे स्प्रिंगसारखे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर कापा आणि नव्यानं बांधा. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवूनच कापायचं. अगदी मुळाशी कापलं तर गाठ बसताना जी थोडी सरकते, तेवढ्यानंही सुटते.

ओली करण्याचा कंटाळा करू नका. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घासून गरम होते आणि तंगूस नेमका तिथंच कमजोर पडतो. डोळ्याला काही दिसत नाही. दिसतं ते दोन किलोचा रोहू पहिल्या धावेला निघाल्यावर. बांधून झालं की गळ खिळ्याला अडकवा, हाताला फडकं गुंडाळा आणि जोर लावून ओढून बघा. सुटायची असेल तर घरीच सुटू दे.

विणलेल्या, म्हणजे ब्रेडेड दोऱ्याला ही गाठ चालत नाही, तो गुळगुळीत असल्यानं सरकतो. त्याला दोरा दुहेरी करून नेढ्यातून काढा, दुहेरी दोऱ्याची साधी गाठ सैल मारा, पुढं आलेल्या फासातून अख्खा गळ काढा आणि ओलं करून दोन्ही बाजूंनी आवळा. अंधारातसुद्धा बांधता येते इतकी सोपी आहे.

आता घासण्याबद्दल. आपल्या नदीचा तळ काळ्या पाषाणाचा. त्यात बंधाऱ्यांचं दगडी पिचिंग, शेतीपंपांचे पडलेले जुने पाइप आणि पुरात वाहून येऊन रुतलेली झाडं. ब्रेडेड दोरा बारीक असून ताकदवान असतो, लांब जातो, पण धारदार दगडाला टेकला की बघता बघता तुटतो. साधा नायलॉनचा तंगूस थोडा ताणला जातो, हिसका सोसतो आणि घासणंही जास्त सहन करतो. कृष्णेसाठी मुख्य तंगूस ०.३५ मिलिमीटरचा घ्यावा, चांगल्या मालाची ताकद आठ किलोच्या आसपास असते. ब्रेडेडच वापरायचा असेल तर पुढचा दीड-दोन मीटरचा तुकडा ०.४० च्या तंगुसाचा लावा आणि मध्ये फिरकी (स्विव्हल) घाला.

दर माशानंतर आणि दर अडकणीनंतर शेवटचे दोन मीटर ओठांमधून सरकवा. बोटांना जे कळत नाही ते ओठांना कळतं. कुठं खरखर लागली की तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधायचं. तंगूस उन्हानंही मरतो. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खिडकीत ठेवलेली रिळं वर्षभरात ठिसूळ होतात. दुकानात दर्शनी काचेत उन्हात ठेवलेली रिळं घेऊच नयेत. घरचा तंगूस कितीही नवा दिसला तरी दरवर्षी पावसाळ्यानंतर बदला. रील भरताना कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. काठोकाठ भरलेल्या रीलमधून वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो. त्याहून फार कमी भरलेल्यातून दोरा कडेला घासत जातो, लांब पडत नाही. भरताना वीस वेढे झाले की थांबा, तंगूस सैल सोडा. तो पिळून वळायला लागला तर तंगुसाचं रीळ उलटं करून पुढं भरा.

गळ तळाला नेणारं वजन दगडात अडकतं तेव्हा सगळा सरंजाम जाऊ नये म्हणून वजन नेहमी बारीक तंगुसानं बांधावं. मुख्य ०.३५ असेल तर वजनाला ०.२० चा वीतभर तुकडा पुरतो. ओढलं की वजन जातं, गळ आणि मासा राहतो. शिशाऐवजी गॅरेजमधले टाकाऊ नट घ्या, खर्चही नाही आणि नदीत शिसंही जात नाही. संथ पाण्यात वीस-तीस ग्रॅम, धारेला साठ-सत्तर. शिसं वापरत असाल तर ते दातानं चावून बसवू नका, पक्कड वापरा.

गळाचा आकडा नवख्याला घोटाळ्यात टाकतो. आकडा वाढेल तसा गळ लहान होतो आणि एक नंबरहून मोठा गळ एक-शून्य, दोन-शून्य असा वाढत जातो. चिलापीला दहा-बारा नंबर, रोहू-मृगळाला आठ ते सहा, मोठ्या कटल्याला चार ते दोन, मरळीला एक-शून्य ते तीन-शून्य. वामीला लांब दांडीचा सहा नंबर घ्या, ती गळ खोल गिळते आणि आखूड दांडीचा काढता काढता मासा आणि हात दोन्ही जखमी होतात.

गळाची धार अंगठ्याच्या नखावर तपासतात. टोक नखावर टेकवून अलगद ओढा. अडकलं तर धार आहे, सरकलं तर बोथट. बारीक कानशीनं टोकाच्या दिशेनं दोन-तीन वेळा घासलं की धार येते. पोलाद बघायचं असेल तर टोक लाकडात रुतवा आणि दांडी ओढा. चांगला गळ किंचित उघडतो आणि सोडला की मूळ आकाराला येतो. मऊ गळ उघडाच राहतो, फार कडक असेल तो कटकन मोडतो. ओले गळ कोरड्या गळांच्या डबीत कधी टाकू नयेत, एका गंजक्या गळानं अख्खी डबी जाते.

रीलचा ब्रेक अंदाजानं आवळणं ही सगळ्यात महागडी चूक. घरचा स्प्रिंगचा वजनकाटा घ्या. तंगूस रॉडच्या कड्यांमधून काढून काट्याला बांधा, दुसऱ्याला काटा धरायला सांगा, रॉड उभा धरून वाकवा. आठ किलोच्या तंगुसाला काटा दोन किलोवर आला की रील सुटायला पाहिजे. म्हणजे ताकदीच्या पाव हिश्श्यावर. रोहू, कटला, मृगळ अशा कार्प जातीच्या माशांचं तोंड मऊ असतं, त्यामुळे दीड किलोवरही भागतं. मासा काठाला आला, जाळी दिसली की तो शेवटची जोरदार धाव घेतो आणि नेमक्या त्याच वेळी लोक ब्रेक आवळतात. तेव्हा आवळू नका, उलट रॉड उंच धरा आणि त्याला जाऊ द्या. घरी आल्यावर ब्रेक पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला की आतल्या चकत्या दबून जातात आणि पुढच्या वेळी रील अडखळत सुटते, त्या अडखळण्यातच तंगूस तुटतो.

कुठला मासा कुठल्या थरात चरतो हे कळल्याशिवाय आमिषाला अर्थ नाही. कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला. तळाच्या माशांसाठी अर्धा किलो गव्हाचा कोंडा, पाव किलो शेंगदाण्याची पेंड, पाव किलो मक्याचं पीठ, मूठभर मैदा आणि सुपारीएवढा गूळ पाण्यात विरघळवून. पेंड ताजी पाहिजे, बुरशीच्या वासाची पेंड माशांना नको असते. पाणी थोडं थोडं घाला. गोळा झाला की बादलीभर पाण्यात सोडून घड्याळ लावा. संथ पाण्यासाठी तो दहा-पंधरा मिनिटांत सुटायला लागला पाहिजे, धारेसाठी अर्धा तास टिकला पाहिजे. लवकर सुटत असेल तर मैदा वाढवा, तासभर तसाच राहत असेल तर कोंडा. कटल्यासाठी हेच पीठ बारीक चाळून सैल ठेवा आणि तरंगा लावून वरच्या चार-पाच फुटांत सोडा.

आमिषाचा गोळा धरणाऱ्या स्प्रिंगभोवती सहा-सहा गळ लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. दोन पुरतात. सहा गळांत मासा पोटाला, डोळ्याला अडकतो आणि लहान असला तरी परत सोडण्याच्या लायकीचा राहत नाही. मरळीला जिवंत बेडूक लावू नका, रबरी बेडूक पाणवनस्पतींवरून ओढला तरी ती उसळून घेते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्याच्या वर फिरताना दिसला की समजावं, खाली आई-बाप राखणीला आहेत. त्यांना त्या वेळी उचललं तर पिल्लांपैकी काहीच उरत नाही. ती जागा सोडून पुढं जावं.

कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबून संथ होतं आणि कार्पसाठी तीच जागा चांगली. बंधाऱ्याच्या खाली पाणी फेसाळतं तिथं मासा जमतो हे खरं, पण तिथल्या भोवऱ्यात पाय घसरलेला माणूस वर येत नाही. कोयनेतून पाणी सोडलं की पातळी आणि धार दोन्ही बदलतात, आमिष घेणं मंदावतं. त्या दिवशी वजन वाढवण्यापेक्षा काठाजवळच्या आडोशाच्या डोहात टाकलेलं बरं. मळीचं पाणी मिसळल्यावर मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तर तो सुकाळ समजून जाळी घेऊन धावू नका. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, तो मासा खाण्याजोगा नसतो. विष, स्फोटकं किंवा करंट लावून मासे मारणं तर कुठंच मान्य होऊ नये. विषाला आणि स्फोटकांना १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि करंटनं तर मोठ्याबरोबर बोटाएवढं पिल्लूही मरतं. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, तिथं आधी विचारून बसावं.

भिलवडी ते सांगलीच्या पट्ट्यात मगरी आहेत. त्यामुळे पाण्यात उभं राहून गळ टाकायचा नाही. दहा फुटी रॉड घ्या आणि पाण्यापासून दहा-बारा फूट मागं, काठाच्या उंचवट्यावर बसा. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडायची सवय इथं मोडलीच पाहिजे, मगरीला ते आयतं आमिष आहे. मासा नदीत धुऊ नका, आतडी काठाला टाकू नका, अंधार पडायच्या आत उठा. थंडीत सकाळी वाळूवर ऊन खात पडलेली मगर दिसली की त्या दिवशी ती जागा तिची. गळाला मऊ पाठीचं कासव लागलं तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापून त्याला पाण्यात जाऊ द्यावं. कासव काय, मगर काय, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दुसरा धोका डोक्यावर असतो. काठाला ओळीनं शेतीपंप आणि त्यांच्या लोंबत्या तारा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. टाकण्याआधी वर बघा, चालताना रॉड आडवा धरा आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून झाडापासून लांब जा.

कापलेले तंगुसाचे तुकडे मात्र काठावर राहू देऊ नका. बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायात ते अडकतात आणि पाय कापत जातात. रिकामी आगपेटी खिशात ठेवा, प्रत्येक तुकडा तिच्यावर गुंडाळा आणि घरी आल्यावर कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे करून कचऱ्यात टाका.