आजीची कुडी, माझी अंगठी आणि तीन रात्री

आजीच्या हिऱ्याच्या कुड्यांपैकी एक कुणाच्या तरी लग्नात हरवली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. उरलेली सात खड्यांची एकटी कुडी डबीत कापसावर पडून होती. दिवाळीनंतर आजीने ती माझ्या हातात ठेवली. "एका कानात काय घालणार? मधल्या खड्याची अंगठी कर."

फिरकी गच्च बसली होती म्हणून मी ती दातात धरली, तर आजी ओरडलीच, "तोंडात नको! हिरा पोटात गेला तर माणूस हाती लागत नाही." हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकलेल्या. हिरा म्हणजे कोळशाचाच सख्खा भाऊ, त्यात विष कुठून येणार, असं म्हणून बघितलं. तिने ऐकलं नाही. वर दुसरी अट घातली: अंगठी बोटात घालण्याआधी तीन रात्री उशाखाली ठेवायची, वाईट स्वप्न पडलं तर हिऱ्याचा ग्रह शुक्र मानवला नाही असं समजायचं. मी हो म्हटलं आणि विसरले.

नाशिकच्या सराफ बाजारात आमचे नेहमीचे सराफकाका आहेत. कुडी जुन्या बंद घडणीची, खड्यांच्या मागे सोनं, त्यामुळे खडा काढल्याशिवाय वजन कळेना. काढल्यावर काट्याने 21 सेंट दाखवले. शंभर सेंटचा एक कॅरेट आणि कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. म्हणजे आमच्या घराण्याची ही दौलत 42 मिलिग्रॅमची.

काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. आधी नुसता लखलखाट दिसला, मग नजर बसली. कडेजवळ एक पांढरी तिरपी रेघ होती, टोकाला तिला दोन फाटे. "काकपद," काका म्हणाले. जुन्या रत्नपरीक्षेत बिंदू, रेखा, यव यांच्या जोडीला हिऱ्याचा हाही दोष सांगितलाय, कावळ्याचा पाय. आजीने तो पन्नास वर्षं कानात वागवला, तिला पत्ताच नाही. मीही सांगितलं नाही. काकांचा उपाय साधा होता. खडा सोन्याच्या चार नखांत बसवायचा आणि एक नख बरोबर त्या रेघेवर आणायचं. फक्त दाब जपून द्यायचा, कारण हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशेने पटकन चिरतो. शाळेत पाठ केलेल्या अभंगातला, ऐरणीवर घणाखाली टिकणारा हिरा कारागिरापुढे काढू नका. तो गालात हसतो.

"पैलू नवे पाडले तर आणखी चमकेल," हेही त्यांनी सुचवलं. पण वजन घटणार होतं. मग त्यांनीच आपल्या त्र्यंबकेश्वरच्या हिऱ्याची गोष्ट काढली. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती गेला. नव्वद कॅरेटच्या जवळचा तो हिरा लंडनमध्ये पैलू पाडून ऐंशीवर आला आणि 1940 मध्ये अमेरिकेत पुन्हा पैलू पाडल्यावर 43.38 कॅरेटचा उरला. ऐकून मी म्हटलं, आमचा 21 सेंटचा आहे तसाच राहू दे.

सोनं 18 कॅरेटचं; इथे कॅरेट म्हणजे वजन नव्हे, सोन्याची शुद्धता. 22 कॅरेटची नखं मऊ पडतात, कपड्यात अडकून उघडतात. आजीचं मत: "त्यापेक्षा पितळेची कर."

इथवर सगळं नीट झालं. चूक माझी, मापाची. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी उठल्या उठल्या बोटाला दोरा गुंडाळला आणि 51 मिलिमीटर असं फोनवर कळवलं. आपल्याकडे घेरातून 40 वजा केले की अंगठीचा नंबर मिळतो, म्हणून 11 नंबरची अंगठी झाली. फेब्रुवारीभर छान बसली. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी पोळ्या लाटून झाल्यावर बघते तर बोट जांभळं. साबण झाला, तेल झालं. शेवटी आईने शिवणाचा दोरा घेतला, एक टोक अंगठीखालून सरकवलं आणि दुसरं पेरावर दाट गुंडाळत नेलं. मग खालचं टोक धरून ती उलगडत गेली, तशी अंगठी आट्या घेत वर सरकली. आजी बाजूला बसून म्हणत होती, "तीन रात्री ठेवली नाहीस ना!"

काकांनी या वेळी संध्याकाळी बोलावलं, चालत ये म्हणाले, म्हणजे बोट थंडीतल्यासारखं आकसलेलं नसेल. मापाच्या कड्यांचा जुडगा घेऊन त्यांनी एकेक कडं पेरावरून घालून पाहिलं. जाताना सहज आणि काढताना किंचित अडणारं कडं खरं. ते 13 नंबरचं निघालं.

शेजारी एक बाई बांगड्या बघत होत्या. दोन-दहा नको, लहान होईल, दोन-आठच द्या, असा त्यांचा हट्ट. काका शांतपणे म्हणाले, "ताई, हे दशांश नाहीत, इंचाचे सोळावे भाग आहेत. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. दोन-दहा त्याहून मोठी." मला चाळिशीत हे कळलं. कासारीण सव्वादोन, अडीच का म्हणायची तेही तेव्हाच उमजलं.

अंगठी कापून सोन्याचा तुकडा घातला आणि आचेवर डाग देऊन सांधा जोडला. त्याआधी खड्यावर बोरिक पावडरचा लेप. उघड्या आचेवर हिरा धुरकटतो, फारच तापला तर जळतोसुद्धा.

या खेपेला तीन रात्री उशाखाली ठेवली. दर तासाला जागी होऊन अंगठी आहे ना ते चाचपत होते. चौथ्या दिवशी सकाळी आजीने विचारलं, "पडलं का काही स्वप्न?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग लाभला," म्हणत तिने माझं बोट धरून अंगठी दोनदा गोल फिरवून पाहिली.