करप्याचे बीजाणू उपाशी ठेवताना: माझा अनुभव

भातावर करपा आणणारी मॅग्नापोर्थे ओरायझी ही बुरशी पोषण तुटल्यावर काय करते, हे मला प्रयोगशाळेत पाहायचे होते. ओटमील आगर या पोषक माध्यमावर उजेडात बुरशी वाढवणे आणि तिचे तीन पेशींचे बीजाणू खरवडून गोळा करणे सहज पार पडले; सारे अडले ते धुण्यापाशी.

आम्हाला मिळालेल्या लेखी कार्यपद्धतीत ‘बीजाणू पाण्याने धुऊन घ्यावेत’ एवढेच वाक्य होते. त्या वाक्याचा राग अजूनही ओसरलेला नाही, कारण प्रयोगाचा निकाल त्यावरच ठरतो. पानात शिरण्यासाठी अंकुरनलिकेच्या (बीजाणूतून फुटणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाला अप्रेसोरियम नावाची घुमटासारखी पेशी तयार व्हावी लागते आणि ती भोवती अन्न नसेल तरच नीट घडते. माध्यमाचा अंश उरला, तर बीजाणू अंकुरतात, पण नलिका नुसती लांबत राहते. आमच्या स्लाइडवर नेमके तेच दिसत होते. कार्यपद्धती पाठवणाऱ्यांना विचारले, तर पुष्कळ दिवसांनी उत्तर आले, ‘लिहिल्याप्रमाणे करा.’ अखेर सेंट्रिफ्यूज (बीजाणू तळाशी बसवणारे यंत्र) हळू फिरवून वरचे पाणी काढायचे, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी घालायचे आणि हे पुन्हा पुन्हा करायचे, असे आम्हीच ठरवले. खात्रीसाठी धुतलेल्या काही बीजाणूंत मुद्दाम यीस्ट अर्क मिसळला: त्यांच्यात अप्रेसोरियम क्वचितच दिसले, नुसत्या पाण्यातल्या बीजाणूंत मात्र भरपूर. हा पडताळा कोणीही टाळू नये.

दुसऱ्या दिवशी मेलॅनिन या गडद रंगद्रव्याने काळे पडलेले ते घुमट पाहून फार समाधान वाटले. बाहेरून काही न घेता बीजाणू स्वतःचाच ग्लायकोजेन आणि मेदाचा साठा पचवतो, त्यातून घुमटात सुमारे 8 मेगापास्कल दाब निर्माण होतो आणि बीजाणू स्वतः मरून जातो.

आधी सांगायला हवे होते ते असे की, बीजाणूंच्या पाण्याचा थेंब साध्या काचेवर न ठेवता पाणी न धरणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरस्लिपवर ठेवावा आणि बीजाणूंची गर्दी टाळावी, कारण दाटीत अंकुरणच रोखले जाते. मिलिलिटरला सुमारे 1 लाख पुरेसे होतात. गव्हाच्या ओंबीवरील फ्युजेरियम ग्रामिनिअरम या बुरशीवर काम करणाऱ्यांनी बीजाणू मिळवण्यासाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे पोषणाने गरीब द्रव माध्यम वापरावे. सकस माध्यमात बुरशीचे तंतूच माजतात.