वाळण्याचे काम

उन्हाळ्याच्या तोंडावर बागेत पालवी आणि पानगळ शेजारीशेजारी चाललेली असते. मोठ्या झाडांना तांबूस, लवलवती पाने फुटत असतात आणि त्यांच्याच पायाशी थंडीत लावलेले पिटुनिया आणि फ्लॉक्स बुडापासून पिवळे पडू लागतात. त्यांना पाहून ‘आता हे गेले’ असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या वेळी रोपाच्या आत चांगलीच लगबग असते. पानातले हरितद्रव्य मोडले जाते, प्रथिनांमधले नत्र (नायट्रोजन) आणि त्यासोबत स्फुरद (फॉस्फरस) सुटे होऊन देठावाटे मागे घेतले जाते आणि कोवळ्या शेंड्यांना किंवा भरत आलेल्या बियांना मिळते. खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात ती बहुधा याच कारणाने.

झाडांच्या पानगळीतही हीच शिस्त आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार झालेला असतो; इथिलीन या संप्रेरकाच्या प्रभावाने तेथील पेशींची जोडणी सैल होते, पान गळते आणि मागे राहिलेली जखम बुचासारख्या थराने बंद होते. वाऱ्याने अचानक मोडलेल्या फांदीवरची पाने मात्र वाळून कुरकुरीत झाली तरी तेथेच लटकत राहतात, कारण पान गाळण्यासाठीही फांदी जिवंत असावी लागते. मृत्यूविषयी जे काही वाचले-ऐकले आहे, त्यापेक्षा अशी एखादी सुकी, पाने न सोडणारी फांदी मला अधिक विचारात पाडते.

हंगामी फुलझाडांचे गणित आणखी सरळ आहे. बी धरले की त्यांचे फुलणे मंदावते. म्हणून कोमेजलेली फुले वेळच्या वेळी खुडत राहिल्यास बहर लांबतो. ही युक्ती प्रत्येक बागकाम करणाऱ्याला ठाऊक असते आणि मीही ती नेमाने वापरते, परंतु तिचा अर्थ असा की, रोपाला जे करायचे आहे ते करू न देता आपण त्याचे आयुष्य वाढवत असतो. ऊन तापू लागले की हे खुडणे कधीतरी थांबवावे, असे माझे मत आहे. मग पिटुनियाच्या वाळलेल्या देठांवर लहान, तपकिरी बोंडे दिसू लागतात. त्यांची टोके उकलतात आणि तळहातावर हलकेच झटकल्यास तपकिरीची चिमूट पडावी तसे बारीक बी पडते. एका बोंडात शेकड्यांनी बी असू शकते. त्यातले बहुतेक वाया जाणार, हे गृहीतच असते.

येथे एक गोष्ट मला खटकते. जवळचे माणूस गेले की भेटायला येणारे ‘निसर्गाचे चक्रच आहे’ असे म्हणतात, आणि बागेचा दाखला देऊन तर ते हमखास म्हटले जाते. चक्र आहे हे खरे. कर्बाच्या (कार्बनच्या) 25 ते 30 भागांना नत्राचा 1 भाग असा हिरव्या आणि सुक्या कचऱ्याचा मेळ बसला की कंपोस्टचा मोठा ढीग 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि पुढे काही महिन्यांत पान कोणते, देठ कोणता, हे ओळखता येत नाही. पण परत येते ते नत्र. ते रोप परत येत नाही. पुढच्या वर्षी उगवणारा पिटुनिया वेगळा असतो, बहुधा रंगानेही वेगळा, कारण संकरित रोपांचे बी मूळ वाणावर जात नाही. सांत्वनासाठी ही वस्तुस्थिती पुसून टाकण्यापेक्षा ती तशीच बोलून दाखवलेली मला बरी वाटते.

चक्रापेक्षा खोडाचा दाखला मला अधिक पटतो. मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या नलिका ज्या पेशींच्या बनतात, त्या पेशी आधी मरतात, आतून पोकळ होतात आणि मगच पाणी वाहू लागते. जुन्या झाडाचा गाभा तर सगळाच मृत असतो. जिवंत भाग मुख्यतः सालीखालच्या थरांत असतो. वर फुटणारी तांबूस पालवी एवढ्या मृत लाकडाच्या आधारानेच उभी असते.

अर्थात, प्रत्येक मान टाकणे हे मरणे नव्हे. भर दुपारी पाने लोंबत असली आणि माती बोटभर खोल ओलसर लागली, तर पाणी घालण्याची घाई करू नये. संध्याकाळी रोप बहुधा आपणच सावरते. संध्याकाळ उलटूनही न सावरणारी रोपे मी या दिवसांत काढायला घेते. ती उपटत नाही, जमिनीलगत कापते, म्हणजे मुळे मातीतच कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पाणी मुरते. रोगट रोपे ढिगात न टाकता वेगळी काढते. बाकीच्यांची चिरफाड करून नव्या रोपांच्या आळ्यांत आच्छादन पसरते, देठापासून थोडे दूर.