फॉर्मवरचा भाचा

घानातील कुमासी शहरात, छपराचे पत्रे बनवणाऱ्या एका भारतीय मालकीच्या कारखान्यात मी पाच वर्षे मनुष्यबळ आणि वेतन विभाग सांभाळतो आहे. कामाचा बराच भाग सांगलीच्या एमआयडीसीत होता तसाच आहे: हजेरी, उचल, ओव्हरटाइमचे हिशोब आणि त्यावरून होणारे रुसवेफुगवे. बाहेरच्या माणसाला कल्पना येणार नाही अशी गोष्ट एकच, की इथे माझे निम्मे शनिवार अंत्यविधींत जातात. मृतदेह शवागारात काही आठवडे, कधी काही महिनेही ठेवतात. मग ठरलेल्या शनिवारी लाल-काळी वस्त्रे नेसून सारा गोतावळा मांडवात जमतो, आणि आलेली प्रत्येक देणगी ध्वनिक्षेपकावरून जाहीर करून तिची रीतसर पावती फाडली जाते. कंपनीचे पाकीट पातळ असेल तर ते नेमके किती पातळ आहे हे पंचक्रोशीला कळते. भारतातून येणाऱ्या प्रत्येक नव्या वित्त अधिकाऱ्याला हा खर्च उधळपट्टी वाटतो, आणि प्रत्येकाला मला हे पहिल्यापासून समजावावे लागते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा एक जुना मशीन ऑपरेटर रात्री झोपेतच गेला. वय ४६, नोकरी १४ वर्षांची, मागे पत्नी, तीन मुले, म्हातारी आई आणि एक बहीण. फाइल काढली तेव्हा वरचे सगळे कागद व्यवस्थित होते. इथे मूळ पगारावर कामगाराकडून साडेपाच टक्के आणि मालकाकडून तेरा टक्के निवृत्तिवेतनासाठी कापले जातात. त्यांतले साडेतेरा सरकारी योजनेत जातात आणि पाच खासगी व्यवस्थापनाच्या योजनेत. याशिवाय आमच्या कंपनीचा स्वतःचा एक ऐच्छिक भविष्यनिधी आहे, त्याचा फॉर्म वेगळा. त्या फॉर्मवर वारसदाराच्या रकान्यात एकच नाव होते, आणि ते बहिणीच्या मुलाचे होते. हिस्सा शंभर टक्के. फॉर्म भरला तेव्हा ऑपरेटरचे लग्न झालेले नव्हते.

दरवर्षी जानेवारीत आम्ही हे फॉर्म 'अद्ययावत' करतो, असे ऑडिटला सांगतो. प्रत्यक्षात मीच घालून दिलेली पद्धत अशी होती, की मागच्या वर्षीची नावे छापलेली यादी यंत्रांपाशी फिरवायची आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची. बदल असेल त्याने कार्यालयात यावे, असे खाली बारीक अक्षरात लिहिलेले असे. त्या ऑपरेटरच्या सह्या मी पाच वर्षांच्या पाचही याद्यांवर पाहिल्या, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. लग्न झाले, तीन मुले झाली, आणि फॉर्म तसाच राहिला, तो माझ्या आळशी यादीमुळे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले.

इथे थोडे थांबून नाते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. इथले आशांती लोक, आणि ते ज्याचा भाग आहेत तो एकूणच अकान समाज, वंश आईकडून मोजतात. माणसाचे रक्त आईकडून येते, त्याचा स्वभाव आणि तेज बापाकडून, आणि प्राण देवाकडून, म्हणजे न्यामेकडून, अशी त्यांची धारणा आहे. रक्त आईचे म्हणून कुळ आईचे. त्या कुळाला 'अबुसुआ' म्हणतात. बाप मुलांवर जीव लावतो, त्यांना वाढवतो, नाव देतो, पण बाप आणि मुले एका अबुसुआची नसतात. पुरुषाच्या रक्ताचा पुढचा माणूस म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा. मामाला 'वोफा' म्हणतात, आणि वोफा हा शब्द आपल्या 'मामा'पेक्षा फार जड आहे, त्यात लाडापेक्षा हक्क आणि कर्ज अधिक आहे. जमीन, कोकोचा मळा, गावप्रमुखाचे आसन हे सारे परंपरेने भावांकडे आणि मग भाच्याकडे जात आले.

१९८५ साली सरकारने मृत्युपत्राविना मरणाऱ्यांच्या वारसाहक्काचा कायदा केला, तो या रूढीला लगाम घालण्यासाठीच. माणसाने स्वतः कमावलेल्या मालमत्तेतून घरसामान आणि एक घर पत्नी-मुलांना मिळते. उरलेल्याचे सोळा भाग केले तर तीन पत्नीचे, नऊ मुलांचे, दोन हयात आईबापांचे आणि दोनच अबुसुआचे. कायदा चांगला आहे. पण भविष्यनिधीत नामनिर्देशन केलेली रक्कम मृताच्या इस्टेटीत धरलीच जात नाही, ती थेट नाव असलेल्या माणसाला जाते. थकीत पगार आणि रजेचे पैसे कायद्याने वाटले जाणार होते, आणि सर्वांत मोठी रक्कम फॉर्मप्रमाणे भाच्याला. आमच्या वित्त अधिकाऱ्याने एका ओळीचा ईमेल पाठवला: नाव असेल त्याला धनादेश द्या, फाइल बंद करा. त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. मला त्याचा राग आला तो त्या एका ओळीचा.

मी दोन्ही बाजूंना कार्यालयात बोलावले. मृताच्या अबुसुआकडून कुळप्रमुख, म्हणजे एक वयस्क मामा, आले, त्यांच्याबरोबर कुळातली सर्वांत ज्येष्ठ बाई आणि तो भाचा. भाचा एकवीस-बावीसचा, तंत्रशाळेत विजेचे काम शिकणारा, सगळा वेळ मान खाली. विधवा तिच्या थोरल्या भावाबरोबर आली. मी पत्नी आणि मुलांच्या गरजेवर एक भाषण केले. ते सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग कुळप्रमुख उठले आणि म्हणाले, "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो." तिघे बाहेर जाऊन वाहनतळाजवळच्या आंब्याखाली उभे राहिले. म्हातारी तर त्यांच्याबरोबरच होती, म्हणून मी माझ्या सहायिकेला विचारले की आणखी कोण म्हातारी यायची आहे. ती हसली. "कुणी नाही, सर. विचार करायला बाजूला जायचे असले की असेच म्हणतात. अगदी पुरुषांची पंचायत असली तरी."

परत आल्यावर ते म्हणाले की ही गोष्ट कारखान्यात बसून सुटायची नाही, गावी नानांपुढे ठेवू. मराठी कानाला हे 'नाना' फार फसवते. इथे नाना हे आदराचे संबोधन स्त्री-पुरुष दोघांना आहे, आणि ज्यांच्यापुढे जायचे होते त्या नाना म्हणजे गावच्या ओहेमा, राजमाता.

ओहेमाला आपल्याकडे बरेचदा 'राणी' म्हणून सोडून देतात, ते चूक आहे. ती गावप्रमुखाची बायको नसते. ती त्याच्या रक्ताची असते, आई, बहीण, मावशी किंवा मावसबहीण. तिचे स्वतःचे आसन असते आणि स्वतःचे दरबारी. प्रमुखाचे आसन रिकामे झाले की त्यावर कोण बसणार त्याचे नाव ती सुचवते, आणि भर दरबारात प्रमुखाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार असलेली ती एकटीच. अगदी खुद्द कुमासीच्या राजघराण्यातही हेच. आम्ही गावाकडे निघालो तेव्हा वाटेत एजिसू लागले. इथली एके काळची ओहेमा म्हणजे याआ असांतेवा. १८९६ साली इंग्रजांनी आशांतींचा राजा प्रेम्पे याला आणि त्याच्याबरोबर एजिसूचा प्रमुख असलेल्या तिच्या नातवाला हद्दपार केले, तेव्हा तिथला कारभार तिच्याच हाती राहिला. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने आशांतींचे सोन्याचे आसन मागितले, ज्यात साऱ्या लोकांचा आत्मा वसतो असे ते मानतात, तेव्हा लढाईचे नेतृत्व तिने केले. तिला सेशेल्स बेटांवर पाठवले आणि १९२१ मध्ये ती तिथेच वारली. माझी सहायिका म्हणाली की शाळेत बंदूक धरलेली याआ असांतेवा शिकवतात, पण तंटे मिटवणारी ओहेमा कुणी शिकवत नाही.

नानांचे घर साधे होते, सिमेंटचे, पुढे पडवी. आम्ही चपला बाहेर काढल्या, उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हस्तांदोलन केले, पाणी प्यालो आणि मग आलो कशासाठी ते सांगितले. थेट नानांशी बोलायचे नसते. त्यांच्या प्रवक्त्याशी बोलायचे, तो ते त्यांना सांगतो, जरी त्या चार हातांवर बसून सगळे ऐकत असतात. सत्तरीच्या पुढच्या, काळे वस्त्र नेसलेल्या, केस कानांच्या वर गोल कापून काळेभोर केलेले, पाय एका छोट्या पाटावर. मी आणलेली श्नॅप्स या मद्याची बाटली प्रवक्त्याने उघडली आणि जमिनीवर थेंब थेंब ओतत आवाहन केले. आधी न्यामे, मग भूमी असासे याआ, जिच्यासाठी गुरुवारी इथे शेतात कुदळ चालवत नाहीत, आणि मग कुळातले पूर्वज. यांतली बहुतेक माणसे रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकांवर बसतात. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि कोल्हापुरात लहानाचा मोठा झालेल्या मला तरी ते विचारायचा अधिकार नाही.

नानांनी सर्वांत आधी भाच्याला विचारले, त्याच्या शिकवणीचे पैसे कोण देत होते. वोफा. मग कुळप्रमुखाला विचारले, मृताच्या शिक्षणाचे कोणी दिले होते. त्यांच्याच थोरल्या भावाने, कोकोचा मळा गहाण टाकून. तो मळा अजून सुटला नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. मग त्यांनी विधवेला विचारले, नवऱ्याने कधी या फॉर्मबद्दल सांगितले होते का. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगितले होते. तो म्हणाला होता, ते पैसे माझ्या घरचे आहेत."

पाच वर्षांच्या पाच सह्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. ज्याला मी यादीतली गफलत समजत होतो, ती कदाचित गफलत नव्हतीच. त्याने प्रत्येक जानेवारीत भाच्याचे नाव वाचून त्यापुढे सही केली असेल. किंवा न वाचताच केली असेल. "माझ्या घरचे" हे त्याने कधी, कोणत्या संदर्भात म्हटले, हेही कोणी विचारले नाही. विचारायला हवे होते ते मी, आणि तेही तो हयात असताना.

नानांनी मग माझ्याकडे पाहिले आणि प्रवक्त्यामार्फत विचारले, तुमच्याकडे लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या कुळाची होते असे ऐकते, मग तिच्या आईच्या घरात तिचे काय राहते? मी सांगितले की २००५ पासून आमच्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. हे अगदी खरे आहे. या भेटीच्या आधीच्या दिवाळीत मी बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा आणि सही घेतली होती, हेही तितकेच खरे, पण ते मी सांगितले नाही. तिने सही हसत केली होती, आणि बाहेर आल्यावर आम्ही भेळ खाल्ली होती. प्रवक्त्याने माझे उत्तर नानांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

निकाल असा झाला. कागद बदलता येत नाही, रक्कम भाच्याचीच. पण मळा सोडवायला लागेल तेवढी काढून बाकीच्यातून तो तिन्ही मुलांच्या शाळेचा खर्च थोरली बारावी होईपर्यंत देईल, कारण आता त्या घरात तो आपल्या मामाच्या जागी उभा आहे. भाच्याने उभे राहून होकार दिला. विधवेच्या भावाने लगेच एक बाटली आणि थोडी रोकड पुढे ठेवली. मला वाटले दंड आहे. सहायिकेने कानात सांगितले की ही 'असेदा', कबूल केलेल्या देण्याबद्दल सर्वांसमोर मानलेले आभार. ती घेतली गेली की देणे पक्के झाले, आणि ज्यांनी ज्यांनी त्या बाटलीतले घोटभर घेतले ते सगळे साक्षीदार. मी २० वर्षे पावत्यांवर जगलेला माणूस, पण पावती पिण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आमच्या भारतीय मंडळींच्या गटात मी हे सांगितले तेव्हा दोघांनी लिहिले, "म्हणजे बायकांचे राज्य, आणि बायकोलाच काही नाही." हे वाक्य मलाही सुचले होते, म्हणून मला त्याचा जास्त राग आला. बायकांचे राज्य इथे नाही, कुळप्रमुख पुरुष आहे आणि गावप्रमुखही पुरुष. पण ती विधवा रिकाम्या हाती उभी नव्हती. तिचे स्वतःचे अबुसुआ तिच्या मागे बसले होते, आणि तिची मुले तर तिच्याच कुळाची, त्यांच्यावर कुणाचा दावा नाही. तरीही, त्या रात्री खोलीवर परतल्यावर माझा हिशोब जुळला नाही. इतकी वर्षे त्या माणसाचा डबा जिने भरला, तिच्या नावापुढे त्या निधीतली एक सेडी, म्हणजे इथल्या चलनातला एक रुपया म्हणा, नव्हती, आणि हे तिला मान्य होते की तिने मानून घेतले होते, हे मला कळायला मार्ग नव्हता.

यंदाच्या जानेवारीत यादी फिरवली नाही. प्रत्येक कामगाराला कोरा फॉर्म दिला आणि समोर बसवून भरून घेतला. या कामाला तीन आठवडे लागले, उत्पादन विभागाने तक्रार केली. बऱ्याच जणांनी घरी विचारून येतो म्हणून वेळ मागितला, आणि कोणत्या घरी ते मी विचारू लागलो. शाळा सुरू झाली तेव्हा भाचा मुलांच्या शुल्काच्या पावत्या घेऊन स्वतःहून दाखवायला आला होता. त्यानंतरचे सत्र सुरू होऊन दीड महिना झाला आहे, आणि तो अजून आलेला नाही. मी फोन केलेला नाही. करावा तर तो भाच्याला, की विधवेच्या भावाला, की प्रवक्त्याला, हे सहायिकेला विचारले, तर ती म्हणाली, म्हातारीला विचारून सांगते.